हिमालयात हरवलेल्या 'बॉम्बर'चा माग

खास प्रतिनिधी

अमेरिकी हवाई दलाचे 'बी-२४' जातीचे एक बॉम्बर विमान २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसाममधील चबुआकडे निघाले. 'हॉट ॲज हेल' हे त्याचे टोपणनाव. आठ जणांना घेऊन निघालेले हे विमान चबुआला पोहोचलेच नाही. ते कोठे कोसळले, हे कळायला तब्बल ६२ वर्षे लागली.

१९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला. त्यानंतर चीनला रसद पोहोचविण्यासाठी हिमालयाच्या पूर्वेकडील रांगा विमानाने ओलांडाव्या लागत. वैमानिक या मार्गाला 'हंप', म्हणजे वशिंड, म्हणत. युद्ध संपेपर्यंत या मार्गावर सुमारे ६०० विमाने गमावली गेली.

कागदांपासून सुरुवात

अशा विमानाचा शोध प्रथम कागदपत्रांतून घेतला जातो. विमान बेपत्ता झाले की हवाई दलात त्याचा अहवाल तयार होई. नियोजित मार्ग, शेवटचा ठावठिकाणा, हवामान आणि कर्मचाऱ्यांची नावे यांबरोबरच इंजिने व मशिनगन यांचे क्रमांकही त्यात नोंदविले जात. त्यामुळे अवशेषांतील एखाद्या भागावरचा क्रमांक वाचता आला, तरी विमानाची ओळख पटू शकते. मात्र, अपघाताचे ठिकाण हा बहुधा अंदाजच असे. युद्धानंतरच्या शोधपथकांना 'हॉट ॲज हेल' सापडले नाही.

कागद थांबतात तेथे स्थानिकांची स्मृती कामी येते. दाट जंगलातील अवशेष सर्वांत आधी दिसतात ते शिकाऱ्यांनाच. क्लेटन कुल्स या अमेरिकी गिर्यारोहकाने अशा माहितगारांच्या मदतीने अनेक विमानांचा छडा लावला. २००६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील डामरोह गावाजवळच्या डोंगरात त्यांना हे विमान सापडले.

नऊ वर्षांची प्रतीक्षा

विमान सापडले, तरी माणसे सापडली असे होत नाही. सीमावर्ती प्रदेश, लागणाऱ्या परवानग्या, पाऊस आणि तीव्र उतार यांमुळे काम कठीण असते. येथे २०१५ मध्ये उत्खनन झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिळालेले मानवी अवशेष दिल्लीहून अमेरिकेला रवाना करण्यात आले.

इतक्या वर्षांनंतर ओळख पटविताना 'मायटोकॉन्ड्रियल डीएनए' उपयोगी पडतो. तो आईकडून मुलांकडे येतो. त्यामुळे मृताच्या बहिणीच्या मुलांशीही तुलना करता येते. या विमानातील फर्स्ट लेफ्टनंट रॉबर्ट ऑक्सफर्ड यांची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये, मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, जॉर्जिया राज्यातील कॉन्कर्ड या त्यांच्या गावी दफनविधी झाला.

'हंप'च्या स्मृती जपणारे संग्रहालय २०२३ मध्ये अरुणाचलातील पासीघाट येथे सुरू झाले. मात्र, दरडी आणि पाऊस डोंगरातील खुणा पुसत आहेत आणि त्या खुणा ठाऊक असलेली पिढीही वयोवृद्ध होत आहे. अभिलेखागारातील अहवाल आणखी शंभर वर्षे टिकतील. पण 'विमान तेथे पडले होते' असे सांगणारा माणूस तितका काळ थांबणार नाही.