आधी मोजे, मग बूट

पलंगावर एका बाजूला आईचे सुती कुर्ते, दुसऱ्या बाजूला लोकरीचे कपडे, पायथ्याशी बाबांचे बूट, मधोमध उघडी बॅग आणि हुकाचा वजनकाटा. विमानात माणशी 23 किलोंची मुभा. जूनमध्ये व्हँकुव्हरहून सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर निघायचं होतं. व्हँकुव्हरला वीस अंशांचं प्रसन्न ऊन, केचिकनला पाऊस, ग्लेशियर बेमध्ये बर्फावरून येणारा वारा, आणि हे सगळं एकाच बॅगेत.

“एक चांगला जाड कोट घेतला की झालं,” बाबा म्हणाले. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. त्या कोटाने निम्मी बॅग अडवली, पहिल्याच पावसात तो भिजला आणि पुढचे दोन दिवस वाळला नाही. या वेळी मी थरांवर अडून बसले. अंगालगत पातळ लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं बिनअस्तराचं जाकीट. जाकीट मुद्दाम एक माप मोठं घेतलं. ऊब धरते ती दोन कपड्यांमध्ये अडकलेली हवा. जाकीट घट्ट बसलं तर तीच दाबली जाते.

आईने तिन्ही कपडे एकावर एक ठेवून हाताने चाचपले. “म्हणजे गोधडीच की! जुनी लुगडी थरांवर थर घालून शिवायची.” त्यानंतर तिला काही समजावावं लागलं नाही. जीन्स तिनेच बाहेर काढल्या. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. दिवसा पँट आणि जाकीट, संध्याकाळच्या जेवणाला हलकी रेशमी साडी, असं तिने ठरवून टाकलं.

खरा कस पादत्राणांचा. आधी जाड मोजे घेतले आणि ते घालूनच दुकानात बूट पाहिले. बोटं आवळली गेली की रक्त नीट खेळत नाही आणि पाय गार पडतात. निघायच्या दीड महिना आधीपासून बाबा तेच बूट घालून रोज पर्वती चढत होते. जलरोधक बूट सगळ्यांत जड, म्हणून ते प्रवासात पायातच. बॅगेत फक्त रबरी चपला आणि संध्याकाळचा हलका जोड, त्याच्या पोकळीत मोजे कोंबलेले.

केचिकनला वर्षाला सुमारे 3,800 मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला याहून जास्त पडतो, पण तो बहुतेक चार महिन्यांत. इथे समुद्रावरची दमट हवा डोंगरांना अडून बाराही महिने झिरपत राहते. गावकरी तपकिरी रबरी बूट घालून दुकानात आणि कामावर जाताना दिसले. आम्ही रात्री बुटांतले तळवे काढून ठेवले आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरले. सकाळी बूट कोरडे होते.

स्कॅगवेहून व्हाइट पासची रेल्वे समुद्रसपाटीपासून 873 मीटरवर चढते. खाली एका थरात बसलेले आम्ही वर धुक्यात पोचेपर्यंत तिन्ही थरांत होतो. 1898 मध्ये सोन्याच्या शोधात इथूनच माणसं क्लोंडाइककडे निघाली. वर्षभराची शिधासामग्री, जवळजवळ एक टन सामान, जवळ असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस त्यांना हद्द ओलांडू देत नसत. खिडकीतून ती वाट पाहताना बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपण 23 किलोंची काळजी करत होतो.”

ग्लेशियर बे 1794 मध्ये जवळजवळ बर्फानेच भरलेला होता. आज जहाज शंभरेक किलोमीटर आत, मार्जेरी हिमनदीपर्यंत जातं. बर्फावरची जड, गार हवा उतारावरून घसरत डेकवर येते. तापमानाचा आकडा फसवतो, वारा बोचतो. आईच्या हातांत पातळ हातमोज्यांवर जाड हातमोजे होते. फोटोपुरते ती वरचे काढायची, पुन्हा चढवायची. हिमकडा कोसळल्याचा गडगडाट ऐकू येईपर्यंत ती कठड्यापाशी उभी राहिली. आत जाऊया का, असं एकदाही म्हणाली नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या दिवशीचा एक जोड, बूट आणि औषधं हाताशी ठेवली नाहीत तर सकाळी पंचाईत होते. आईने सुती कुर्ता खुर्चीवर काढून ठेवला. व्हँकुव्हरच्या उन्हात तो एकच थर पुरला.

जुलैमध्ये शेजारचं एक जोडपं याच वाटेने निघालं. आईने आपली जाकिटं धुऊन त्यांना दिली, सोबत स्वतःच्या अक्षरातली यादी. पहिली ओळ होती : आधी मोजे, मग बूट.