धावपट्टीच्या कडेला : मोटारसायकल शर्यतीचे छायाचित्रण

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे शोधण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा कार्यालयातील दोन लोखंडी पेट्या आणि एक कपाट आम्ही अक्षरशः रिकामे केले. सत्कार, शाल, हार, उद्घाटनाची फीत, व्यासपीठावरील मान्यवर यांची छायाचित्रे शेकड्यांनी निघाली. १४ एप्रिलच्या सप्ताहात आपल्या मैदानावर दरवर्षी धावण्याच्या शर्यती होतात. त्यांची मात्र अवघी नऊ सापडली आणि त्यांतील सात बक्षीस वितरणाची होती. उरलेल्या दोहोंपैकी एकात धावणारी मुलगी म्हणजे नुसता पुसट पांढरा पट्टा. दुसऱ्यात ती इतकी स्पष्ट आणि इतकी स्थिर, की धावत आहे की छायाचित्रासाठी उभी राहिली आहे, हे कळू नये. इतिहासाचे अध्यापन करताना आम्ही मुलांना नेहमी सांगतो, की कागद कोणाचा उरला यावरून इतिहास कोणाचा लिहिला जातो हे ठरते. आपल्याच पेटीत बसलेल्यांचा कागद उरला होता, धावणाऱ्यांचा नव्हता.

ही खंत आम्ही एका माजी विद्यार्थ्याजवळ बोलून दाखविली. मंगरूळपीर तालुक्यातील हा मुलगा आता पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल शर्यतींची छायाचित्रे काढतो. तो म्हणाला, "सर, दोष कॅमेऱ्याचा नाही. उभे कुठे राहिलो आणि शटर किती वेळ उघडे ठेवले, एवढाच प्रश्न आहे. एकदा शर्यत बघायला या." त्याच्या आग्रहावरून २८ जानेवारी २०२४ रोजी आम्ही पुण्याच्या बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात गेलो. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची पहिली फेरी त्या दिवशी तेथे होती.

सुपरक्रॉस म्हणजे क्रीडागाराच्या आत माती आणून, तिचे उंचवटे, उड्या आणि तीव्र वळणे रचून घेतलेली शर्यत. सारे स्वार एका लोखंडी फाटकामागे रांगेत उभे असतात. फाटक आडवे पडले, की सगळे एकाच वेळी पहिल्या वळणाकडे झेपावतात. आम्ही प्रेक्षकांत बसून होतो. छायाचित्रकार कुंपणालगत, आयोजकांनी नेमून दिलेल्या जागी, ओळखीचे रंगीत जाकीट घालून उभे होते. आम्हांला नवल वाटले ते त्यांच्या हालचालीचे. गाडी समोरून जाताना ते कमरेतून सावकाश वळत. गाडी निघून गेल्यावरही त्यांचे वळणे थांबत नसे.

त्या वळण्यातच या कलेचे मर्म आहे. ते समजण्यासाठी थोडे गणित करावे. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात २० मीटर जाते. शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकेच उघडे ठेवले, तर तेवढ्या वेळात ती केवळ दोन सेंटिमीटर सरकते, आणि लांबून पाहता ती चित्रात गोठून जाते. साठाव्या भागाइतके उघडे ठेवले, तर ती सुमारे ३३ सेंटिमीटर सरकते आणि चित्रात तिचा फराटा उमटतो. आमच्या पेटीतील दोन छायाचित्रे म्हणजे याच दोन टोकांची उदाहरणे होती.

नवख्यास वाटते की शटर जितके जलद तितके छायाचित्र चांगले. हा समज अर्धाच खरा आहे. सपाट धावपट्टीवरील मोटारसायकल पूर्णपणे गोठविली, की चाकाचे आरे मोजता येतात, टायरवरील अक्षरे वाचता येतात, आणि गाडी दुकानासमोर उभी केल्यासारखी दिसते. सर्व तपशील खरा आणि एकंदर चित्र खोटे! म्हणून कडेला उभा राहणारा छायाचित्रकार शटर मुद्दाम मंद ठेवतो आणि कॅमेराच गाडीच्या वेगाने फिरवितो. यालाच पॅनिंग म्हणतात. गाडी आणि कॅमेरा यांची गती जुळली, की कॅमेऱ्याच्या दृष्टीने स्वार स्थिर होतो आणि हलते ते उरलेले जग. चेहऱ्यावरील ताण, हँडलवरील बोटे स्पष्ट येतात. मागचे कुंपण, फलक, प्रेक्षक यांच्या आडव्या रेघा होतात.

चाकाची एक गंमत येथेच सांगून टाकतो, कारण विज्ञानाच्या शिक्षकांनाही ती आवडली. रस्त्यावर न घसरता फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी स्थिर असतो. सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे कॅमेरा स्थिर ठेवून छायाचित्र काढले, तर खालचे आरे स्पष्ट आणि वरचे पुसट येतात. कॅमेरा गाडीबरोबर फिरविला, तर मात्र चाक सर्व बाजूंनी सारखेच गरगरलेले दिसते. छायाचित्र हातात आल्यावर ते कसे काढले असावे, हे अशा रीतीने चाकावरून सांगता येते.

गतीचे चित्र आणि गतीचे सत्य यांतील हा झगडा जुना आहे. चौखूर उधळलेला घोडा काढताना चित्रकार त्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले दाखवीत. १८७८ मध्ये अमेरिकेतील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची ओळ लावली आणि घोड्याची एकामागून एक छायाचित्रे घेतली. तेव्हा दिसले की घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने मोटार शर्यतीचे एक छायाचित्र काढले. त्यात मोटारीचे चाक पुढे कललेले आणि कडेचे प्रेक्षक मागे कललेले आहेत. त्याच्या कॅमेऱ्यातील शटर ही एक सरकणारी फट होती. चित्राचा प्रत्येक भाग किंचित निराळ्या क्षणी टिपला गेला आणि त्याने कॅमेरा फिरविला तोही मोटारीपेक्षा कमी वेगाने. नियमाने पाहता हे बिघडलेले छायाचित्र. पण वेगाचे म्हणून आज तेच जगभर ओळखले जाते. मोबाइलचा कॅमेराही चित्र ओळीओळीने वाचतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून काढलेल्या छायाचित्रात विजेचे खांब तिरके का येतात, याचे उत्तर त्यातच आहे.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी जेथे टिपायची, त्या जागेकडे पावले रोखून उभे राहावे. कोपरे छातीशी घ्यावीत. गाडी दूर असतानाच तिला चौकटीत धरावे, कमरेतून वळत तिच्याबरोबर यावे, बटण हलकेच दाबावे आणि दाबल्यानंतरही वळत राहावे. बहुतेकांची चूक या शेवटच्या पायरीवर होते. बटण दाबताच हात थांबतो आणि चित्र फाटते. आरंभी एक सव्वाशेवा सेकंद ठेवावा, हात बसला की साठावा, मग तिसावा. शंभरातील पाच छायाचित्रे साधली तरी दिवस चांगला गेला, असे आमचा विद्यार्थी म्हणतो.

उड्यांचे शास्त्र निराळे. उडीच्या शिखरावर गाडीचे वर जाणे संपलेले आणि खाली येणे सुरू व्हायचे असते. तेथे जलद शटर चालते, कारण चाके अधांतरी आहेत हीच गतीची साक्ष. मात्र चौकटीत खालची माती किंवा दुसरा स्वार हवा. नुसते आकाश ठेवले, तर उडी दोन हातांची की वीस हातांची, हे कळत नाही.

आपल्या वऱ्हाडातील अडचण उन्हाची आहे. भर दुपारी साठाव्या भागाइतका वेळ शटर उघडे ठेवले, तर चित्र पांढरे फटक पडते. कॅमेऱ्यात आयएसओ १०० वर आणून भिंगाचे छिद्र एफ-१६ किंवा एफ-२२ इतके लहान करता येते. मोबाइलचे छिद्र बहुधा ठरलेलेच असते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळची वेळ धरावी किंवा भिंगावर काळसर काच लावावी. धूळ उडत असताना लेन्स बदलू नये, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण आम्ही बदलली होती.

पालकांसाठी पुढील मजकूर अधिक महत्त्वाचा. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वसतिगृहातून बारावी होऊन गेलेल्या दोन मुलांनी एका वळणाच्या रस्त्यावर मोटारसायकलची रील काढण्याचे ठरविले. एक गाडी चालवीत होता, दुसरा मोबाइल धरून वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभा होता, कारण तेथून गाडी थेट अंगावर येताना दिसते. खडीवर चाक घसरले. घसरलेली गाडी वळत नाही, ती सरळ जाते. न्यूटनचा पहिला नियम आठवीच्या मुलालाही पाठ असतो. चालविणाऱ्याचे गळ्याचे हाड मोडले, उभ्या असलेल्याचा घोटा. तो मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. आज तो धावू शकत नाही.

शर्यतीच्या मैदानावर बाहेरच्या अंगाला मोकळी जागा, खडीचे पट्टे आणि अडथळे याच कारणासाठी असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ज्या ग्रेटर नोएडाच्या मैदानावर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, तेथे गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या वर धावल्या. (त्या मैदानाचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, आणि ते गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे. तथागतांच्या नावाने एवढी घाई, असे म्हणून आमचे एक सहकारी हसले होते.) अशा वेगाशेजारी उभे राहणाऱ्यांचे नियम साधे आणि कडक आहेत. नेमलेल्या जागेबाहेर जायचे नाही, धावपट्टीकडे पाठ करायची नाही, वळणाच्या बाहेर कुंपणाशिवाय उभे राहायचे नाही, आणि मार्शल सांगेल तेव्हा हातातले छायाचित्र सोडून हलायचे. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी काहीच नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार शासनाच्या लेखी संमतीविना तेथे शर्यत लावणे हा गुन्हाच आहे. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशही नाही.

मग सराव करायचा कोठे? आपल्याकडे शंकरपट आहेत. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबविल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. बैलजोडीला पॅनिंगचे नियम तंतोतंत लागू पडतात. फक्त येथे खूर खालीवर होतात, म्हणून साठाव्यापेक्षा सव्वाशेवा सेकंद बरा. बैलांना वेदना होत असतील, तर तेही चौकटीत यावे, असे आमचे मत आहे. शर्यत सुंदर दिसावी एवढ्यासाठी कॅमेरा घेतलेला नाही.

सर्वांत सोयीचे ठिकाण मात्र आपले मैदान. यंदाच्या १४ एप्रिलच्या सप्ताहात इयत्ता नववीच्या मुलींकडे आम्ही शाळेचा कॅमेरा सोपविला आणि त्यांना रिले शर्यतीच्या आतल्या अंगाला, दोरीमागे उभे केले. एकशे त्रेचाळीस छायाचित्रांतून एक निवडले, ते या स्मरणिकेत छापले आहे. बॅटन एका हातातून सुटलेला आहे आणि दुसऱ्या हाताने अजून पुरता धरलेला नाही. दोन्ही मुलींचे चेहरे स्पष्ट आहेत. मागे ज्या रंगीत रेघा दिसतात, ते व्यासपीठ होय. त्यावर बसलेले मान्यवर ओळखू येत नाहीत, याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो.