शुश्रूषेची पदवी

'शुश्रूषा' या शब्दाचा अर्थ आज आपण रोग्याची सेवा एवढाच करतों. परंतु धातूकडे पाहिलें तर त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. 'श्रु' धातूचें हें इच्छार्थक रूप. गुरूचें ऐकूं इच्छिणारा शिष्य त्याची सेवाही करी, म्हणून पुढें सेवा हा अर्थ रूढ झाला. वर्गांत आम्हीं हें कित्येक वेळां सांगितलें असेल. पण इंग्लंडांतील एका अभ्यासक्रमाची माहिती वाचीत असतां या व्युत्पत्तीचें मर्म आम्हांस विशेष जाणवलें. त्या अभ्यासक्रमाची हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे.

त्यास तेथें 'फाउंडेशन डिग्री इन हेल्थ अँड सोशल केअर' म्हणतात. आपण त्यास आरोग्य व सामाजिक सेवा यांची पायाभूत पदवी म्हणूं. पायाभूत म्हणजे प्रवेशपरीक्षा मात्र नव्हे. या जातीच्या पदव्यांची घोषणा तेथील सरकारनें २००० सालीं केली व २००१ पासून वर्ग सुरू झाले. ऑनर्स पदवीला ३६० क्रेडिट लागतात, हिला २४०. म्हणजे ही दोन तृतीयांश पदवी झाली. पूर्ण वेळ शिकल्यास दोन वर्षें लागतात, नोकरी सांभाळून शिकल्यास बहुधा तीन. पुढें आणखी एक वर्ष अभ्यास केल्यास ऑनर्स पुरी करतां येते. शाळा लवकर सुटलेल्या, संसार केलेल्या, वृद्धाश्रमांत किंवा इस्पितळांत वर्षानुवर्षें मदतनीस म्हणून राबलेल्या प्रौढ स्त्रियाही या वर्गांत बसतात, आणि त्यांचा तो अनुभव प्रवेशाच्या वेळीं जमेस धरला जातो. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं; तेव्हां ही गोष्ट आम्हांस विशेष गोड वाटली तर नवल नाहीं.

आरोग्य आणि सामाजिक सेवा हीं दोन एका पदवींत कां आलीं, याचें कारण त्या देशाच्या व्यवस्थेंत आहे. ५ जुलै १९४८ रोजीं तेथें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तिच्यांत उपचार फुकट. त्याच दिवशीं दुसरा एक कायदा अमलांत आला व निराधार वृद्धांच्या निवासाचा भार स्थानिक कौन्सिलांवर पडला; येथें मात्र माणसाची ऐपत पाहिली जाते. आजीबाईंचें हाड मोडलें तर शस्त्रक्रियेला पैसा पडत नाहीं. परंतु घरीं आल्यावर त्यांना कायमची मदत लागली, कोणी न्हाऊं घालावयाचें, कोणी जेवण द्यावयाचें, तर तो प्रांत दुसऱ्या खात्याचा. इंग्लंडांत २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणारास तो खर्च स्वतः सोसावा लागतो. या दोन खात्यांच्या मधल्या फटींत म्हातारीं माणसें सांपडतात, म्हणून दोन्हींकडचें जाणणारें माणूस हवें. डॉ. सिसिली सॉंडर्स या बाई आधीं परिचारिका होत्या, मग इस्पितळांतील समाजसेविका झाल्या आणि १९५७ सालीं डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं त्यांनीं लंडनांत सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हें मरणोन्मुख रोग्यांचें सेवालय काढलें. वेदना ही शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची एकदमच असते, असें त्या शिकवीत. तीन पेशे ज्यांनीं स्वतः केले, त्यांनाच हें दिसावें, हें साहजिक आहे.

या पदवींत शरीरशास्त्र असतें, कायदा असतो, स्मृतिभ्रंशाचा विचार असतो, मुलें व दुबळीं माणसें यांच्या संरक्षणाचे नियम असतात. परंतु आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें टिपणवहीचें. दिवसाच्या कामांतील एक प्रसंग घ्यावयाचा आणि काय घडलें, आपल्या मनास काय वाटलें, बरें काय व वाईट काय, तें कां झालें, दुसरें काय करतां आलें असतें, पुढच्या वेळीं काय करणार, हें क्रमानें लिहावयाचें. ग्रॅहम गिब्ज यांनीं १९८८ सालीं ही सहा पायऱ्यांची रीत मांडली. आम्हींही जन्मभर पाठटांचणें लिहिलीं. पण 'आपल्या मनास काय वाटलें' हें एकाही इन्स्पेक्टरानें आम्हांस विचारलें नाहीं! समजा, एक आजोबा स्नानास नाहीं म्हणतात. मदतनीस लिहिते, 'हट्टी आहेत.' पुढच्या पायरीवर ती विचार करूं लागते, तेव्हां तिच्या ध्यानांत येतें कीं, नातीच्या वयाच्या मुलीपुढें उघडें होण्याची त्यांना लाज वाटत असेल.

आमच्या एका स्नेह्यांची सून लेस्टर शहरीं असते. लग्नामुळें तिचें कॉलेज अर्धवट राहिलें. तेथें एका वृद्धाश्रमांत नोकरी करतां करतां आतां ही पदवी घ्यावी असें तिच्या मनानें घेतलें आहे. आमचे स्नेही नाराज. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या आईनें आजीची सेवा कोणत्या कॉलेजांत शिकून केली हो? आणि म्हाताऱ्यांचीं अंगें पुसण्याला पदवी कशाला?" १९०९ सालीं पुण्यास सेवासदन निघालें व रमाबाई रानडे यांच्या संस्थेंतील स्त्रिया परिचारिकेचें काम शिकूं लागल्या, तेव्हांही पांढरपेशा घरांतून असेच उद्गार निघत. आम्ही त्यांस म्हणालों, "आईनीं सेवा केली हें खरें, पण आजींना काय हवें होतें, हें कोणीं विचारलें होतें का?" ते गप्प राहिले.

एकत्र कुटुंबांत वृद्धांची आबाळ होते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आजोबांनीं भाकरी खावी कीं मऊ भात, धाकट्याकडे राहावें कीं थोरल्याकडे, हें मुलें व डॉक्टर ठरवितात, तेंही पुष्कळदां त्यांच्या देखत, जणूं ते खोलींत नाहींतच! इंग्लंड व वेल्स यांच्या २००५ च्या 'मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट'चें पहिलें तत्त्व असें कीं, उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक प्रौढ माणूस आपला निर्णय घेण्यास समर्थ आहे असें धरून चालावें. दुसरें, निर्णय घेण्यास त्यास होईल तेवढी मदत करावी. तिसरें आमच्या वाचकांस पचावयास कठीण: एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाहीं, एवढ्यावरूनच तो असमर्थ ठरत नाहीं.

चरकानें चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या गुणांत त्यानें उपचारांचें ज्ञान पहिलें घातलें, अनुराग मागाहून. नुसत्या मायेनें भागत नाहीं हें त्यास ठाऊक होतें. मात्र रोग्याच्या गुणांत आज्ञापालन हा एक गुण तो सांगतो. येथें इंग्रजी कायदा त्याच्याहून निराळा पडतो. मधुमेही आजोबांनीं जिलबी मागितली तर समजावून सांगावें, पुन्हां सांगावें. पण हातांतून ताट ओढून घेऊं नये. आम्हीही आतां साठीपलीकडे गेलों असल्यामुळें या बाबतींत आमचा कौल कोणाकडे, हें सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र आम्हीं त्या स्नेह्यांस बजावून सांगितली. ही पदवी मिळाली म्हणजे मुलगी नर्स किंवा नोंदणीकृत समाजकार्यकर्ती होत नाहीं. तेथें २०१३ पासून नव्या नर्सला पूर्ण पदवीचें शिक्षण लागतें, आणि समाजकार्याला मान्यता असलेला निराळा अभ्यासक्रम. 'नर्सिंग असोसिएट' म्हणून एक मधला दर्जा आहे, त्याची नोंदवही जानेवारी २०१९ मध्यें उघडली. त्यासाठीं बहुधा पायाभूत पदवीच घेतात, परंतु ती त्या कामासाठीं मंजूर झालेली असावी लागते. नांवें सारखीं दिसतात व एजंट लोक त्याचा फायदा घेतात. तेव्हां फी भरण्यापूर्वीं 'या पदवीनें कोणत्या नोंदवहींत नांव लागतें?' हा प्रश्न कॉलेजास लेखी विचारावा. सूनबाईंनीं तो विचारला आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.