विहारात जोडीने, घरातही जोडीने

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. तेव्हापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. पण हीच वेळ स्वयंपाकाची, पाणी भरण्याची आणि मुलांच्या अभ्यासाची. त्यामुळे कित्येक घरांत नवरा विहारात पुढे बसतो आणि बायको घरी भाकरी थापते. काही घरांत बाई तान्हे मूल घेऊन विहारात येते आणि नवरा नाक्यावर असतो.

नवरा-बायको मिळून वंदनेला जातात त्या घरात समाधान नांदते, असे वडीलधारी माणसे सांगतात. आम्हालाही ते पटते. मात्र विहारातून घरी आल्यावर दोघे कसे वागतात, यावर ते समाधान अवलंबून आहे.

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या जोडप्याची कथा आहे. एकमेकांची सोबत कायम राहावी, ही त्यांची इच्छा. तथागतांनी त्यांना सांगितले की त्यासाठी श्रद्धा, शील, दानवृत्ती आणि प्रज्ञा दोघांचीही सारखी हवी. आता ग्रंथवाचन एकानेच ऐकले, तर प्रज्ञा सारखी व्हायची कशी?

सिगालोवाद सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीला मान द्यावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. कष्टकऱ्याला अलंकार जमणार नाहीत. पण पहिल्या चार कर्तव्यांना पैसा लागत नाही. पूज्य बाबासाहेबांनीही १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते, की पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की यंदाच्या वर्षावासात घरात पाळी लावा. एका संध्याकाळी नवऱ्याने भात टाकावा, मुले सांभाळावीत आणि बायकोने वाचनाला जावे. दुसऱ्या दिवशी उलट करावे. जेवताना, आज काय ऐकले ते एकमेकांना सांगावे. पौर्णिमेला मुलांसह सर्वांनी जावे. पाचवे शील हात जोडून म्हणायचे आणि पगाराच्या दिवशी गुत्त्यावर जायचे, हे तर मुलांच्या नजरेतून सुटतच नाही. आईबापांचे वागणे पाहूनच मुले धम्म शिकतात.

जय भीम!