अपील केलं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही

वाड्याचा किंवा जमिनीचा दावा हरल्यावर घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "निकाल विरुद्ध गेला खरा, पण वर अपील टाकलंय, आता काळजी नाही." खरं तर काळजी तिथूनच सुरू व्हायला हवी. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ४१, नियम ५ स्पष्ट सांगतो की केवळ अपील दाखल झालं म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. तुमचं अपील चालू असतानाच समोरचा पक्ष खालच्या कोर्टात दरखास्त लावू शकतो आणि बेलिफ ताब्याचं वॉरंट घेऊन दारात उभा राहू शकतो. अंमलबजावणी थांबवायची तर त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

बेळगावात तिला तडेयाज्ञे म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे स्थगन, आणि सगळीकडे सरसकट 'स्टे'. मूळ नियम एकच. गोव्यात वारसाहक्काचा कायदा निराळा असला तरी दिवाणी दाव्याची प्रक्रिया हीच.

स्थगिती द्यायला पुरेसं कारण हवं. शिवाय ती मिळाली नाही तर अर्जदाराचं भरीव नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर झालेला नाही आणि पुढे हरल्यास हुकूमनामा पाळण्यासाठी जामीन दिलेला आहे, याबद्दल कोर्टाची खात्री पटावी लागते. राहतं घर पाडलं जाणार असेल तर नुकसान समजावणं सोपं असतं. पैशाच्या हुकूमनाम्यात ते कठीण, कारण पैसे परत मिळू शकतात. तिथे कोर्ट रक्कम भरायला किंवा हमी द्यायला सांगतं आणि ते केलं नाही तर स्थगिती नाकारली जाते.

वेळेचं गणित परगावी राहणाऱ्या मुलांनी नीट लक्षात ठेवावं. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज लगेच करावा. मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि सुनावणी घेऊन अपील ऐकायचं असं कोर्टाने ठरवेपर्यंत स्थगिती देताच येत नाही. अपिलाची तयारी व्हायची असेल तर तिची मुदत संपण्याआधी, ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच्याकडेच तात्पुरती स्थगिती मागता येते. ही सोय फार जणांना ठाऊक नसते.

भाडेकरूंच्या खटल्यांत पूर्वी स्थगिती म्हणजे जुन्याच भाड्यात आणखी दहा वर्षं, असा हिशेब असे. 'आत्माराम प्रॉपर्टीज' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो मोडला. दिल्लीतल्या त्या व्यापारी जागेचं भाडं महिना ३७१ रुपये ९० पैसे होतं. अपील न्यायाधिकरणाने स्थगिती दिली, पण महिना १५,००० रुपये भरण्याच्या अटीवर, आणि ती अट सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवली. जागा सोडण्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरूला बाजारभावाने भरपाई द्यायला लावता येते. २००९ मध्ये 'सुपर मॅक्स' खटल्यात हाच न्याय खुद्द महाराष्ट्र शासनाला लागला, कारण तिथे भाडेकरू शासनच होतं! वडिलोपार्जित घरात जुना भाडेकरू असलेल्या मालकांना यात दिलासा आहे. भाडेकरू आपणच असलो तर खिशाचा अंदाज आधी घ्यावा.

स्थगिती मिळाली की तिची प्रत त्याच दिवशी खालच्या कोर्टात पोचवा, कारण हुकूम तिथे कळवला गेल्यापासूनच ती लागू होते. कार्यालयीन प्रत यायची असेल तर अपीलकर्त्याने स्वतःच्या माहितीवरून केलेल्या प्रतिज्ञापत्रावर खालचं कोर्ट तात्पुरतं थांबतं.

आणि दावा तुम्ही जिंकला असाल तर अपील कोर्टात कॅव्हेट दाखल करा. मग तुम्हाला नोटीस दिल्याशिवाय सहसा स्थगिती होत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, त्यानंतर नवं घालावं लागतं. त्यावर आजोबांच्या वाड्याचा नव्हे, तर तुम्ही आत्ता राहता तो पत्ता द्या.