सायकल शर्यत आणि रस्त्याची परीक्षा

बेळगावच्या वडगावहून येळ्ळूरच्या दिशेने निघाले की राजहंसगडाचा चढ समोर येतो. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरले, तर सत्तरीतील केरी लागते. चढ, वळणे आणि हिरवाई पाहता हे दोन्ही रस्ते सायकल शर्यतीसाठीच आखलेले वाटावेत. मात्र आंतरराष्ट्रीय शर्यतीचा मार्ग निवडताना केवळ निसर्ग पाहून चालत नाही.

याचा अनुभव पुण्याने नुकताच घेतला. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात तेथे ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या ‘२.२’ वर्गातील ही भारतातील पहिली शर्यत. यातील पहिला आकडा शर्यत अनेक दिवसांची असल्याचे सांगतो, तर दुसरा तिची श्रेणी. प्रारंभीची छोटी फेरी आणि चार टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटरचे अंतर होते.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे स्वरूप वेगळे असते. तेथे खेळाडू आपापल्या देशासाठी उतरतात आणि मुख्य शर्यत एकाच दिवसात संपते. सप्टेंबर २०२५ मध्ये ही स्पर्धा प्रथमच आफ्रिकेत, रवांडाची राजधानी किगाली येथे झाली. पुरुषांच्या २६७.५ किलोमीटरच्या शर्यतीत बहुतांश अंतर शहरातील सुमारे १५ किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गावर फेऱ्या मारून कापायचे होते. चढ इतके खडतर, की केवळ ३० जणांनाच शर्यत पूर्ण करता आली.

वर्तुळाकार मार्गाचा लाभ व्यावहारिक आहे. बंदोबस्त, रुग्णवाहिका व अडथळे थोड्या अंतरात उभारता येतात आणि प्रेक्षकांना तेच खेळाडू पुनःपुन्हा दिसतात. त्याची किंमत मात्र त्या परिसरातील रहिवासी मोजतात. किगालीत स्पर्धेच्या आठवड्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

मोठ्या जथ्यातील एक सायकलस्वार खड्ड्यामुळे कोसळला, तर मागचे अनेक जण त्याच्यावर आदळतात. त्यामुळे सलग डांबरीकरण, गतिरोधक हटवणे, मोकाट गुरे व कुत्री दूर ठेवणे ही कामे आधीच करावी लागतात.

या निकषांवर चोर्ला घाट अवघड ठरतो. मार्ग दोन राज्यांतून जातो, म्हणजे परवानग्या व पोलीस यंत्रणाही दुहेरी. शिवाय बेळगावची भाजी गोव्यात येण्याचा हा एक प्रमुख रस्ता. तो काही तास बंद राहिला, तरी त्याची झळ आपल्या बाजारांना बसेल. त्या तुलनेत वडगाव-येळ्ळूर परिसरातील छोटा वर्तुळाकार मार्ग अधिक सुकर ठरू शकेल, अर्थात तेथील शेतकरी व रहिवाशांना विश्वासात घेतले तरच.

शर्यत काही तासांत संपते. रस्ता मात्र स्थानिकांना रोज वापरायचा असतो. म्हणूनच यजमानपदाचे यश मोजताना पुढच्या पावसाळ्यानंतर तो रस्ता कसा उरला, हेही पाहायला हवे.