पंधरा अँपिअरची ओळख

मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत आठ-दहा वर्षे प्रकाशयोजनेचे काम केलेला एखादा तरुण पत्नीच्या नोकरीमुळे लंडनला वास्तव्यास गेला, आणि ओळखीने तेथील एखाद्या थिएटरच्या मागच्या दाराने आत डोकावण्याची संधी त्याला मिळाली, तर त्या परक्या काळोखात त्याला सर्वांत आधी ओळख देणारी वस्तू म्हणजे दिव्याच्या केबलच्या टोकाचा, जाड गोल पिनांचा, पंधरा अँपिअरचा प्लग. आपल्याकडे गीझरसाठी भिंतीवर जो मोठा सॉकेट असतो, त्याच घराण्यातला हा प्लग. दोघांचेही मूळ एका जुन्या ब्रिटिश प्रमाणात आहे. ब्रिटनमधील घरांसाठी 1947 साली चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज बाळगणारा नवा प्लग प्रमाण ठरला आणि गोल पिनांचा प्लग घरोघरच्या भिंतींवरून हळूहळू नाहीसा झाला. रंगभूमीने मात्र तो जतन केला, आणि तेही केवळ परंपरेच्या प्रेमाने नव्हे. प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेल्या दिव्याच्या प्लगमधला फ्यूज ऐन प्रयोगात उडाला, तर तेथे शिडी लावणार कोण? म्हणून फ्यूज खाली, डिमरच्या खोलीत, हाताशी ठेवायचा, असा हा साधा आणि शहाणा विचार आहे.

विजेचा दाब तेथेही 230 व्होल्टच आहे, आणि दिव्यांना हुकूम देणारी डीएमएक्स नावाची संकेतपद्धती तर 1986 सालापासून जगभर रूढ झालेली आहे. हाताची विद्या सीमा ओलांडून येते, याबद्दल मला शंका नाही. मागे राहते ती आपल्याविषयीची लोकांची खातरी, आणि ज्या शब्दांनी ती खातरी पटवून द्यायची, ते शब्द.

शब्दांची गोष्ट क्षुल्लक मानू नये. आपल्याकडे तीन घंटा होतात आणि तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडतो, ही खूण नटापासून चहावाल्यापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडलेली असते. ब्रिटिश रंगभूमीवर ‘हाफ’ची पुकार होते, नवागताला वाटते की अर्धा तास उरला, पण पडदा उघडण्यास त्या क्षणी 35 मिनिटे असतात, कारण सारी गणना नटांना विंगेत बोलावणाऱ्या ‘बिगिनर्स’ या पुकारेपासून होते आणि ती पुकार प्रयोगाच्या पाच मिनिटे आधी व्हायची असते. त्याच न्यायाने ‘क्वार्टर’ म्हणजे 20 मिनिटे आणि ‘फाइव्ह’ म्हणजे 10. सामान आत नेऊन लावणे म्हणजे ‘गेट-इन’, उतरवून ट्रकमध्ये भरणे म्हणजे ‘गेट-आउट’, पडदा म्हणजे ‘टॅब्स’, आणि आगीपासून रक्षण करणारा लोखंडी पडदा म्हणजे नुसते ‘आयर्न’. हेडसेटवर ‘गो’ हा शब्द संकेत देण्यावाचून अन्य कोणत्याही कारणाने उच्चारायचा नाही, हा दंडक तर इतका कडक आहे की एखाद्याने सहज बोलण्याच्या ओघात तो उच्चारला, तर दिवा भलत्याच प्रवेशात लागू शकतो. दहा वर्षांचा अनुभवी माणूस अशा ठिकाणी अडखळला की नवशिका ठरतो, आणि हा अन्याय कोणी जाणूनबुजून करीत नसल्यामुळे त्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

या व्यवसायातील बरेचसे काम जाहिरातीतून मिळत नाही. निर्मिती व्यवस्थापकाजवळ भरवशाच्या माणसांची एक यादी असते. कोणी आजारी पडला की तो त्या यादीतील पुढच्या माणसाला दूरध्वनी करतो, आणि ज्याचे नाव यादीत नाही त्याची गुणवत्ता कितीही थोर असली तरी ती त्या रात्रीपुरती अस्तित्वातच नसते. त्या यादीत शिरकाव करून घेण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे ट्रक रिकामे करण्याचा. मोठ्या संगीतमैफलींना आणि दौऱ्यावरील नाटकांना स्थानिक मजूर पुरविणाऱ्या संस्था असतात. त्यांच्याकडे नाव नोंदवावे, काळे कपडे आणि पोलादी टोकाचे बूट घालून ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी हजर व्हावे, आणि मायदेशी आपण कोणाच्या नाटकाची प्रकाशयोजना केली हे विचारल्याखेरीज सांगू नये. स्वतःच्या नावाचा फलक लागलेल्या माणसाला पेट्या ढकलणे जड जाते, हे मला समजते. तरीही पेट्या ढकलतानाच कोण केबल नीट गुंडाळतो आणि कोण उंचावर चढताना हातातला पाना दोरीने बांधून घेतो, हे पारखी नजरा टिपत असतात.

ऋतुमानही ध्यानात ठेवावे. ऑगस्टमध्ये एडिंबरा येथे 1947 सालापासून चालत आलेला फ्रिंज महोत्सव भरतो. चर्चची सभागृहे, तळघरे, व्याख्यानकक्ष यांची तात्पुरती नाट्यगृहे होतात, एकाच रंगमंचावर दिवसभरात अनेक प्रयोग लागतात, आणि दोन प्रयोगांमधल्या मोजक्या मिनिटांत सारे नेपथ्य बदलावे लागते. मुंबईत सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन प्रयोगांची धांदल निभावलेल्या माणसाला हा वेग परका वाटू नये. पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस गावोगावच्या नाट्यगृहांत नाताळची ‘पँटोमाइम’ नाटके सुरू होतात, आणि दिवसाला दोन-दोन प्रयोग असल्यामुळे जादा हातांची निकड भासते.

परंतु या साऱ्याआधी कागदपत्रांची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे, आणि येथे मी विद्यार्थ्यांना विशेष कळकळीने सांगू इच्छितो. हा व्यवसाय बहुतांशी स्वतंत्रपणे, म्हणजे कामागणिक बिल देऊन, चालतो. आणि ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसावर असा स्वतंत्र व्यवसाय करण्यास सक्त मनाई आहे, मग ते एका रात्रीचे काम का असेना. ज्या व्हिसाला एखाद्या मालकाची हमी असते, त्यावरही अशी मोकळीक गृहीत धरू नये. 18 ते 30 या वयोगटातील भारतीय पदवीधरांसाठी 2023 साली सुरू झालेल्या दोन वर्षांच्या तरुण व्यावसायिक योजनेत मर्यादित स्वरूपात स्वतंत्र काम करता येते; तिची निवड सोडतीने होते, म्हणून तिच्या भरवशावर बेत आखता येत नाहीत. जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्यांनी आपल्या परवान्यातील अटी शब्दशः वाचाव्यात, आणि स्वतंत्र कामास मुभा असल्यास करखात्याकडे वेळेवर नोंदणी करावी. तेथील करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते.

दाखल्यांचे महत्त्वही आपल्या कल्पनेपेक्षा अधिक आहे. उंचावरील कामाचे नियम तेथे 2005 पासून लागू आहेत. यांत्रिक पाळण्यातून वर जाण्यासाठी ‘आयपॅफ’चे आणि चाकांच्या मनोऱ्यासाठी ‘पास्मा’चे प्रशिक्षणपत्र सर्वत्र ओळखले जाते, आणि या अल्प मुदतीच्या शिक्षणावर केलेला खर्च लवकर भरून निघतो. शिवाय कमी मेहनताना सांगून शिरकाव करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ‘बेक्टू’ ही तेथील रंगमंच व चित्रपट कामगारांची संघटना दरांविषयी मार्गदर्शन करते. ते दर पाहूनच आपला आकडा सांगावा, कारण एकदा स्वस्त ठरलेल्या माणसाला दर वाढवून मागताना पुन्हा नव्याने ओळख करून द्यावी लागते.

आपली मंडळीही तेथे आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ 1932 सालचे आहे. अशा मंडळांत हौशी नाटक बसत असेल तर त्याचे दिवे अवश्य लावावेत. त्यात अर्थार्जन नाही. पण तेथे आलेल्या कोणा ब्रिटिश ध्वनितंत्रज्ञाने पुढच्या गुरुवारी रात्री अकराला गेट-आउटसाठी येशील का, असे विचारले, तर शेवटची भूमिगत गाडी निघून गेल्यावर घरी कसे परतायचे, याची तजवीज आधी करून मगच होकार द्यावा.